जमनीच्या कोंबड्या

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, स्टाफरूममध्ये ज्यांच्याबरोबर रोज डबा उघडते त्या मैत्रिणींना नाही, आणि आईला तर नाहीच. एका माणसाने मध्यंतरी तोंडावर विचारलं तेव्हा 'हो' म्हणाले, आणि त्याच्या मुलीसमोर आणखी चार वाक्यं कशीबशी बोलले. पण सगळं, पहिल्यापासून, न गाळता – ते आज तुम्हालाच सांगते आहे. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे.

मी गणित शिकवते. म्हसावदच्या पुढे, जिथल्या वर्गाच्या खिडकीतून तोरणमाळचा डोंगर दिसतो अशा एका गावात, सरकारी हायस्कुलात. शाळेचं नाव सांगत नाही. शाळेने काही केलेलं नाही, केलं ते मी.

आधी आमच्याकडे गावातलीच मुलं असायची. मग शहाद्याच्या इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसा गावात यायला लागल्या आणि ज्यांची ऐपत होती त्यांची मुलं त्या बसमध्ये बसून गेली. बाकं रिकामी झाली. ती कुणी भरली? डोंगरातल्या मुलांनी. आठवीपर्यंत पाड्यावरच्या नाहीतर आश्रमशाळेत शिकायचं आणि मग खाली उतरून आमच्याकडे यायचं. कुणी वसतिगृहात राहायचं, कुणी मामा-मावशीकडे. दहावीच्या वर्गात बघता बघता निम्म्याहून जास्त मुलं घरी पावरी बोलणारी झाली. शिकवणारे सगळे अहिराणी बोलणारे, पुस्तक मराठीत. आणि निकाल खाली आला.

आमच्या स्टाफरूममध्ये एक वाक्य ठरलेलं होतं – पट डोंगर भरतो आणि निकाल डोंगर खातो. पट म्हणजे शाळेतल्या मुलांची संख्या. ती कमी झाली की तुकडी बंद, तुकडी बंद की आमच्यातलं कुणीतरी जादा ठरून दूर डोंगरात मोलगीला नाहीतर त्याहून वर. म्हणजे बघा, आमच्या नोकऱ्या त्याच मुलांच्या डोक्यांवर उभ्या होत्या. जूनमध्ये आम्ही त्यांना हात जोडून बोलवायचो आणि मार्चमध्ये ती आली नाहीत तर कुणालाच फार वाईट वाटायचं नाही. दिवाळी झाली की त्यांचे आईबाप गुजरातमध्ये ऊसतोडीला निघतात, मुलं बरोबर जातात, होळीच्या सुमाराला परततात. दहावीच्या परीक्षेला जो बसलाच नाही त्याला टक्केवारीत धरत नाहीत. हे कुणी तोंडाने म्हणत नसे. सगळ्यांना माहीत होतं, मलाही होतं.

आता माझं. थांबा – इथे जरा जड जातं.

माझे वडील शहाद्याजवळचे, सपाटीवरचे. घरात वडिलांची अहिराणी. पण आई तोरणमाळच्या घाटाखालच्या पाड्यातली, पावरा आदिवासी. ती माझ्याशी पावरीतच बोलायची, अजूनही बोलते. मी बोलायला शिकले ती त्या भाषेत. मोहाची फुलं वेचताना आईने मला मोजायला शिकवलं तेही त्याच भाषेत. गणिताची मास्तरीण झाले ती तिथून, बी.एड.मधून नाही.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. एका सरांनी डोंगरातल्या एका मुलाच्या मराठीची नक्कल केली. वाईट मनाने नव्हे हो, आपली गंमत म्हणून. सगळे हसले. मीही हसले. मग कुणीतरी मला विचारलं, "तुम्हाला येते का त्यांची भाषा?" आणि माझ्या तोंडून गेलं – "छे, आम्ही शहाद्याचे."

एवढंच. कुणी धमकावलं नव्हतं, कुणी जात विचारली नव्हती. माझं आडनाव सपाटीचं, साडी नीटनेटकी, मराठी शुद्ध. त्या दिवशी मी हसले नसते तर काय बिघडलं असतं? काहीच नाही. पण एकदा 'छे' म्हटल्यावर ते निभावावं लागतं. वर्गात मुलं माझ्यासमोर पावरीत बोलायची, मला शब्दन् शब्द कळायचा आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी राहायचे. कुणाला ताप आहे, कुणाच्या घरी म्हैस मेली, कुणाला उदाहरण समजलं नाही – सगळं कळायचं. आणि मी मराठीत विचारायचे, "समजलं का?" ती एका सुरात म्हणायची, "हो मॅडम." त्यांना समजलेलं नाही हे मला माहीत असायचं. तरी पुढचं उदाहरण घ्यायचे.

जमनी त्या वर्गातली. गुमानभाऊंची थोरली मुलगी, गावात मावशीकडे राहायची. उंच, काटक, दोन्ही वेण्या लाल रिबिनीने घट्ट बांधलेल्या. पेपरात तिला गणितात जेमतेम मार्क पडत. नुसती समीकरणं असतील तर ती चटकन सोडवायची, पण शब्दांतलं उदाहरण आलं की अडायची. तुम्हाला आठवत असतील ती – वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे, पाच वर्षांपूर्वी ते चौपट होतं, तर दोघांची आजची वयं काढा. आमच्या डोंगरात आपल्या बापाचं वय कुणाला माहीत असतं? मुली एकमेकींकडे बघत बसायच्या.

एका मधल्या सुट्टीत मी व्हरांड्याच्या खांबामागे वह्या तपासत होते. पलीकडे जमनी दोन-तीन मुलींना तेच उदाहरण समजावत होती, पावरीत. तिने बाप-मुलगा काढूनच टाकले. म्हणाली, समज, तुझ्या घरी माझ्याहून तिप्पट कोंबड्या आहेत. मागच्या बाजाराला आपण दोघींनी पाच-पाच कोंबड्या विकत घेतल्या. त्याआधी तुझ्याकडे माझ्या चौपट होत्या. आता मोज. मुली बोटांवर मोजायला लागल्या. एकीने विचारलं, मग माझ्या कोंबड्या वयाने वाढतात का? सगळ्या फिदीफिदी हसल्या. जमनी गंभीरपणे म्हणाली, तुझ्या वाढत नसतील, मास्तरणीच्या वाढतात, तिच्या पुस्तकात सगळंच वाढतं.

आणि मी हसले. मोठ्याने. खांबामागून.

लगेच तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. जमनीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नजर अशी होती की – बाई, तू पकडली गेलीस. त्या दिवसापासून ती वर्गात एखादं वाक्य मुद्दाम पावरीत बोलायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. मी दगडासारखी उभी. तिला राग येत असेल का? मला वाटतं, नाही. तिला बहुतेक आशा वाटत होती.

तर ही मुलगी हुशार होती हे मला माहीत होतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे मी जे केलं ते अजाणतेपणी केलं असं मला कुठेच म्हणता येणार नाही.

दिवाळीची सुट्टी संपली आणि बाजाराच्या दिवशी गुमानभाऊ शाळेत आले. पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल, पायात प्लास्टिकचे बूट. हेडसरांच्या खोलीत मी काही कागद घेऊन गेले होते. गुमानभाऊ दारात उभे राहिले. बाजारापुरती अहिराणी त्यांना येत होती, पण जे बोलायचं होतं ते तेवढ्या अहिराणीत मावणारं नव्हतं. त्यांनी हेडसरांना नमस्कार केला आणि मग सरळ माझ्याकडे वळून पावरीत बोलायला लागले.

ते काय म्हणाले ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. म्हणाले – आम्ही ऊस तोडायला निघालोय. सून बाळंत झालीय, तिथे पडावावरच्या झोपडीत लेकरू सांभाळायला नि भाकरी टाकायला एक बाई माणूस हवं. जमनी रडते, म्हणते मी जाणार नाही, मला परीक्षा द्यायची. मला शिक्षणातलं कळत नाही. तुला कळतं. तू सांग – पोरीत डोकं आहे का? तू आहे म्हणालीस तर मी तिला मावशीकडे ठेवतो, तिथे आम्ही कसंही भागवू. नाही म्हणालीस तर घेऊन जातो. तू सांगशील तसं.

आमच्या भाषेत मॅडमलाही 'तू'च म्हणतात. किती दिवसांनी मला आईखेरीज कुणीतरी तशी हाक मारत होतं.

हेडसरांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, काय सांगी ऱ्हायना हाऊ? तुमले काही समजनं का?"

तुम्ही माझ्या जागी काय केलं असतं? नको, राहू द्या. तुम्हाला विचारण्यात अर्थ नाही.

एक वाक्य पुरलं असतं. 'सर, ते विचारताहेत की मुलीत डोकं आहे का, आणि आहे.' बस. पण ते बोलायचं म्हणजे आधीच्या सगळ्या वर्षांचं 'छे' उघडं पडणार. म्हणजे ही बाई आपल्यात बसून सगळं ऐकत होती, त्यांच्यातलीच होती नि लपवत होती. हे एक. आणि दुसरं – ते अजून घाण आहे. नुकतीच तालुक्याला निकालावरून हेडसरांची खरडपट्टी निघाली होती. गणितात सगळ्यात जास्त नापास, म्हणजे माझ्या विषयात. जमनीची सहामाही काठावरची होती. माझ्या मनात, त्या अर्ध्या क्षणात, हेही येऊन गेलं की ही गेली तर एक धोका कमी. आलं मनात. खोटं कशाला बोलू?

मी म्हणाले, "मला कुठे कळतंय, सर. मुलीला न्यायला आले असतील. दरवर्षीचंच आहे."

हेडसर भला माणूस. त्यांनी सुस्कारा टाकला, म्हणाले, "हाई तं दर सालनंच शे." आणि हाताने 'घेऊन जा' अशी खूण करत गुमानभाऊंना सांगितलं, "लई जाय भाऊ, लई जाय."

गुमानभाऊ हलले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी हळू – पोरीत डोकं आहे का? मी हातातले कागद सारखे करायला लागले. सारखेच होते ते. थोड्या वेळाने त्यांनी मला हात जोडले आणि ते गेले. मी खिडकीतून पाहिलं. फाटकापाशी जमनी उभी होती. तिने बापाला काहीतरी विचारलं, त्यांनी मान हलवली. मग ती त्यांच्या मागून चालायला लागली. तिने एकदाही शाळेकडे वळून पाहिलं नाही.

त्या वर्षी गणितात आमच्या शाळेचं एकही मूल नापास झालं नाही. माझा सत्कार झाला. शाल, नारळ, टाळ्या. ती शाल घेऊन मी आईकडे गेले. तिच्या खांद्यावर घातली. तिला कौतुक वाटलं, हात फिरवून पाहिली. मग विचारलं, "आपल्याकडची एखादी हुशार पोर होती का गं त्या वर्गात?"

मी म्हणाले, "एक होती, आई. बाप ऊसतोडीला घेऊन गेला."

"बापाला कुणी समजावलं नाही?"

आणि मी काय म्हणावं? मी म्हणाले, "त्याची भाषा शाळेत कुणाला येत नव्हती."

पावरीत म्हणाले हे. तिच्याच भाषेत. आईने मान डोलावली. "तेही खरंच," म्हणाली, आणि शाल घडी करून उशाशी ठेवली.

तुम्हाला वाटेल, त्यानंतर माझी झोप उडाली असेल. नाही उडाली. लाज वाटते सांगायला, पण मी झोपायचे, खायचे, सणाला नवी साडी घ्यायचे. फक्त वयवारीचं उदाहरण आलं की ते घाईघाईने संपवायचे.

पुढे आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. मी तिला शस्त्रक्रियेसाठी माझ्याकडे आणलं, ती राहिलीच. घर शाळेच्या कुंपणाला लागून. मला सारखी धास्ती – ही कुणाशी बोलली तर? मी तिला सांगितलं, उन्हात बाहेर पडू नकोस, डोळ्यांना त्रास होईल. म्हातारीला कोंडून ठेवत होते मी, औषधाचं निमित्त करून.

एका सकाळी डबा विसरले. मधल्या सुट्टीत बघते तर आई काळा चष्मा लावून, काठी टेकत, मैदानाच्या बरोबर मधून चालत येतेय. भोवती डोंगरातल्या मुलींचा घोळका. ती त्यांना नाव, गाव, पाडा, आजोबा कोण, सगळं विचारत होती आणि मुली खिदळत उत्तरं देत होत्या. मी व्हरांड्यात, सगळ्या स्टाफमध्ये. आईने तिथूनच ओरडून विचारलं, डबा कोण तुझा बाप आणणार होता का? आणि मी – विचार करायच्या आधीच – पावरीत ओरडले, अगं हळू ये, पायरी आहे.

मुलींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता संपलं.

अहो, काहीच झालं नाही. नक्कल करणारे ते सर जवळ आले, त्यांचं तोंड आश्चर्याने उघडंच होतं. "मॅडम, तुमले येस? मंग इतला दिन काबर नही सांगं?" त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. उलट म्हणाले, मुलांचं काय चाललंय ते आम्हाला कळतच नाही हो, तुम्ही जरा सांगत चला. हेडसरांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, पहिला तास तुमचा, वाटेल त्या भाषेत घ्या.

ज्या गोष्टीला मी इतकी वर्षं भ्याले, ती गोष्ट एका मधल्या सुट्टीत होऊन गेली आणि डबा खाऊन सगळे तासाला गेले. त्या क्षणी मला गुमानभाऊ आठवले. त्या दिवशीही असंच झालं असतं. हेडसर म्हणाले असते, अरे वा, मॅडम, मग सांगा त्यांना. एवढंच झालं असतं.

मग मी पावरीत शिकवायला लागले. पहिल्या दिवशी जीभ अडखळली, मुलं हसली, मीही हसले, आणि या वेळचं हसणं बरं होतं. 'समजलं का' विचारलं तर पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं, नाही. असं 'नाही' ऐकायला किती छान असतं, हे मास्तरांनाच कळेल. वयवारीचं उदाहरण आलं तेव्हा मी थबकले, आणि मग फळ्यावर कोंबड्या काढल्या. बघता बघता सगळ्या वर्गाला उदाहरण सुटलं. गावातली मुलंसुद्धा म्हणाली, मॅडम, कोंबड्यांचंच घ्या. तेव्हापासून दरवर्षी कोंबड्याच. पोरं पास होतात, बहुतेक सगळी, आणि आता जी जातात त्यांच्या आईबापांशी जाऊन भांडते मी. तालुक्याच्या बैठकीत हेडसरांनी माझी पद्धत म्हणून ती सांगितली. लोकांनी विचारलं, हे कसं सुचलं तुम्हाला? मी म्हणाले, असंच. बघा, तिथेही मी बदलले नव्हते.

गुमानभाऊंची धाकटी, रिना, आमच्याकडे नववीत आली तेव्हाच मला नावावरून कळलं होतं. यंदा ती दहावीला. दिवाळी झाली. बाजाराचा दिवस आला. आणि ते आले, तसेच, खांद्यावर टॉवेल. केस पांढरे झालेले. हेडसरांच्या खोलीच्या त्याच दारात उभे राहिले. मला बोलावणं आलं.

ते बोलायच्या आधीच मी पावरीत म्हणाले, "रिनात डोकं आहे, भाऊ. तिला ठेव. मी बघते तिच्याकडे. घेऊन जाऊ नकोस."

हेडसर आमच्याकडे आळीपाळीने बघत होते. गुमानभाऊंनी खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला. मग म्हणाले, "त्या वेळी पण तुला कळलं होतं ना?"

मी म्हणाले, "हो."

ते म्हणाले, "जमनी म्हणाली होती मला. मॅडमला आपली भाषा येते, तिलाच विचार. मी विचारलं. तू कळून गप्प बसलीस. मला वाटलं, पोरीत काही नसेल. मास्तरीण भली आहे, बापाच्या तोंडावर 'नाही' म्हणवत नसेल तिला. मी वाटेत जमनीला तसं सांगितलं."

ऐकलंत? त्या माणसाने माझ्या भित्रेपणाला भलेपणा समजून घेतलं होतं. आणि त्या भलेपणाच्या जोरावर मुलीला सांगितलं होतं की तुझ्यात डोकं नाही, तुझी मास्तरीणच तसं म्हणते.

मी खुर्चीचा हात धरला. म्हणाले, "होतं तिच्यात. सगळ्या वर्गाहून जास्त होतं. मी भ्याले, भाऊ."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. टॉवेलने तोंड पुसलं आणि म्हणाले, "मला नको सांगूस. तिला सांग." रिनाला ठेवून गेले.

जमनी आता वरच पाड्यावर असते, लग्न झालंय, मांडीवर एक मुलगी. तिचा नवरा यंदा ऊसतोडीला गेला नाही, गावातच कामाला लागलाय. पुढच्या बाजाराला ती आली. रिनानेच आणली. मी तिला घराच्या ओट्यावर बसवलं. तिची लेक माझ्या आईकडे रांगत गेली, आई तिच्याशी बोबड्या पावरीत बोलत आत घेऊन गेली. मी चहा ठेवला, तो निवला. मग मी सांगितलं. ते अवघड वाक्य मला तिच्या डोळ्यांत बघून बोलता आलं नाही, मी कपाकडे बघून बोलले.

तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "पडावावर चूल पेटवायला कागद लागायचा. मी तुझ्या गणिताच्या पुस्तकाची पानं जाळली. एकेक करून. म्हटलं, आपल्याला काय करायचंय."

ती उठली, आतून लेकीला आणून कडेवर घेतलं आणि गेली. चहा तसाच राहिला.

मी रविवारी जादा तास घेते. डोंगरातली मुलं, बाहेरून परीक्षेला बसणारी मोठी मुलं-मुली, कुणीही यावं. मागच्या रविवारी मी फळ्यावर कोंबड्या काढत होते. मागे दारात सावली पडली. जमनी. लेक कडेवर, हातात नवी वही. ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली. माझ्या हातातला खडू मोडला. अर्धा उचलून मी पुढे शिकवत राहिले – तुझ्याकडे माझ्या तिप्पट कोंबड्या, मागच्या बाजाराला दोघींनी पाच-पाच घेतल्या.

मागून आवाज आला, पावरीत, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असा. "त्या कोंबड्या माझ्या आहेत."

मुलं वळून बघायला लागली. रिना हसायची थांबली. मी वर्गाकडे तोंड केलं आणि म्हणाले, "हो. हे उदाहरण हिचं आहे. ही तुमच्याएवढी होती तेव्हा व्हरांड्यात बसून हिने असं शिकवलं होतं. मी ते चोरून ऐकलं आणि आजपर्यंत माझं म्हणून सांगत आले."

जमनीने वही उघडली, लेकीला मांडीवर सरळ बसवलं आणि माझ्या आधी उत्तर काढून पेन खाली ठेवलं.

या रविवारीही ती आली होती. माझ्याकडे ती अजून बघत नाही. फळ्याकडे बघते.